लाइट गेली की पीसी बसतो : एसएमपीएस घेताना वॉटच्या आकड्याआधी काय पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडच्या एका गावात नवा पीसी जुळवायचा आहे. रायझन ५ ५६००, आरटीएक्स ४०६०, १६ जीबी रॅम, एक एसएसडी आणि जुन्या पीसीतली एक हार्ड डिस्क. दुकानदार कॅबिनेटसोबत ‘५०० वॉट’चा एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा, देतो आहे, वेगळे पैसे नाहीत. घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे. संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, लाइट दिवसातून दोन-चारदा येते-जाते, आणि यूपीएस असूनही जुना पीसी लाइट जाताक्षणी रीस्टार्ट होतो. कॅबिनेटसोबतचा ठेवावा का? वेगळा घ्यायचा तर किती वॉटचा?

वेगळा घ्या. ५५० वॉट पुष्कळ झाले. पण दुकानात जाऊन नुसतं ‘५५० वॉटचा द्या’ म्हणालात तर पुन्हा तीच वस्तू दुसऱ्या खोक्यात हातात येईल. तुमच्या प्रश्नातली महत्त्वाची माहिती प्रोसेसर-कार्डाची नाहीच, पडणाऱ्या व्होल्टेजची आहे. तुमचा एसएमपीएस त्यावरून ठरायला हवा.

आधी लोडचा हिशेब करू, तो सोपा आहे. ४०६० कार्ड ११५ वॉटचं. ५६०० ला कागदावर ६५ वॉट लिहिलेत, पण मदरबोर्ड त्याला ७६ वॉटपर्यंत घेऊ देतो. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून आणखी ५०-६० धरा. म्हणजे भर गेमिंगमध्येही २५० वॉटच्या आसपास. एनव्हीडिया या कार्डासाठी ५५० वॉटचा सप्लाय सुचवते, त्यात हलक्या एसएमपीएसची आणि क्षणिक उसळ्यांची तरतूद आधीच धरलेली आहे. पुढे कधी २०० वॉटच्या आसपासचं कार्ड घालायचा विचार असेल तर ६५० घ्या. ७५०-८५० चा आग्रह कोणी धरला तर त्याला नम्रपणे नाही म्हणा आणि ते पैसे एसएसडीत घाला.

‘मग ५०० वॉटवाला का नको, २५० च तर लागतात?’ हा पुढचा रास्त प्रश्न. त्याचं उत्तर एसएमपीएसच्या कुशीवरच्या लेबलवर असतं. दुकानात तो कॅबिनेटमधून काढून बघायला मागा. एसएमपीएस वेगवेगळ्या व्होल्टेजच्या लाइनी देतो. कोणती लाइन किती करंट देते, याचा अशा एसएमपीएसवर साधारण असा तक्ता दिसतो : ३.३ व्होल्टला १८ अँपिअर, ५ व्होल्टला २२ अँपिअर, १२ व्होल्टला १७ अँपिअर. आता गुणाकार करा. १२ गुणिले १७ म्हणजे २०४ वॉट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून ओढतात. तेव्हा तुमच्या कामाचा हा एसएमपीएस २०४ वॉटचा आहे, आणि तोही लेबल खरं बोलत असेल तर. ५ व्होल्टवर एवढा जोर देण्याची रचना फार जुनी आहे. पेंटियम ४ च्या वेळी, २००० साली, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचं वेगळं चार पिनचं कनेक्टर आलं आणि तेव्हापासून सगळा भार तिकडे सरकला. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे ४५ अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे ५४० वॉट. एकूण वॉट आणि १२ व्होल्टचे वॉट जवळजवळ सारखे आले तर आतली रचना नवी आहे हे समजायचं.

याच्या उलट उदाहरणही बाजारात भरपूर दिसतं. ऑफिसातून निघालेल्या जुन्या डेल ऑप्टिप्लेक्समध्ये २४० वॉटचा एसएमपीएस असतो आणि तो खरोखर २४० देतो. लोक मात्र तो काढून ‘४५० वॉट’वाला लावायला निघतात. (करू नका. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांचं बोर्डाकडचं कनेक्टरही वेगळं असतं.)

आता रीस्टार्टकडे येऊ. एसएमपीएसच्या आत, इनपुटच्या बाजूला, एक जाडजूड कपॅसिटर असतो. जुन्या दुकानदारांच्या भाषेत कंडेन्सर. घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं त्याचं काम : नळ गेला तरी टाकीत असेल तोवर घर चालतं. लाइट गेल्यापासून आउटपुट कोसळेपर्यंत जो वेळ मिळतो त्याला होल्ड-अप टाइम म्हणतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक पूर्ण आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एटीएक्सच्या, म्हणजे पीसीच्या एसएमपीएसला लागू असलेल्या, नियमावलीत हा वेळ १६-१७ मिलिसेकंदांच्या आसपास मागितला आहे. आणि घरगुती यूपीएसला लाइट गेल्याचं ओळखून बॅटरीवर यायला सहसा ४ ते ८ मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ पीसी केवळ त्या कपॅसिटरवर जगतो.

चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसमध्ये हा कपॅसिटर ४०० व्होल्टचा, ३३० मायक्रोफॅरडच्या आसपासचा असतो. त्याच्या अलीकडे अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट बसलेलं असतं, जे येणारं व्होल्टेज चढवून कपॅसिटर सतत ३८० व्होल्टवर भरलेला ठेवतं. तो ३०० व्होल्टपर्यंत उतरेतो जवळपास ९ जूल ऊर्जा देतो. ३०० वॉटच्या लोडला ती ३० मिलिसेकंद पुरते. स्वस्त एसएमपीएसमध्ये पीएफसी नसतो. तिथे २०० व्होल्टचे दोन लहान कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात. दोन्ही २२० मायक्रोफॅरडचे असले तरी जोडून ११० च उरतात. आणि ते भरतात थेट घरातल्या व्होल्टेजच्या शिखरापर्यंत. २३० व्होल्ट असेल तर हे शिखर ३२५ व्होल्टचं. २२० पर्यंत उतरेतो हा एसएमपीएस तग धरेल असं मानलं, तर २८० वॉटच्या लोडला ११ मिलिसेकंद मिळतात. कसंबसं निभतं.

पण संध्याकाळी पंप सुरू झाले, डीपीवर लोड आला, घरात १८० व्होल्टच आले, की शिखर २५५ वर येतं. मग तोच हिशेब तीन-साडेतीन मिलिसेकंदांवर घसरतो. यूपीएस बॅटरीवर येण्याआधी पीसी बसलेला असतो. यूपीएसमधला एव्हीआर व्होल्टेज थोडं उचलून देतो हे खरं, पण त्याचा रिले टक् करून बदलतो तेव्हाही काही मिलिसेकंदांची खीळ पडतेच. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्याला या सगळ्याशी देणंघेणं नसतं. बाहेर २३० असो की १८०, आत ३८० च.

तुमच्या जुन्या पीसीचा लोड याहून बराच कमी असणार, तरीही तो बसतो. त्याची दोन कारणं संभवतात. एक, वर्षानुवर्षं तापून कपॅसिटर सुकला आहे. दोन, यूपीएसची बॅटरीच गेली आहे. फरक ओळखायला पैसे लागत नाहीत. पीसी काढून यूपीएसला पिवळा, तारेचा शंभरचा बल्ब लावा आणि यूपीएसचं बटण भिंतीवर बंद करा. बल्ब डोळा मिचकावल्यासारखा करून पाच-दहा मिनिटं जळत राहिला तर यूपीएस बरा आहे, दोष एसएमपीएसचा. मिनिटभरात विझला तर आधी बॅटरी बदला, नाहीतर नवा पीसीही तसाच बसेल आणि दोष नव्या एसएमपीएसला जाईल. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं म्हणून घाबरू नका. वीज अचानक तुटली एवढंच ते सांगतं, कोणामुळे ते नाही.

अ‍ॅक्टिव्ह पीएफसी आहे की नाही हे दुरूनही ओळखता येतं. मागच्या बाजूला ११५/२३० लिहिलेलं लाल सरकतं बटण दिसलं की समजा, नाही. (ते बटण घरातल्या लहान मुलाने ११५ वर सरकवलं की पुढच्या स्विचला बार उडतो. दुरुस्तीला येणाऱ्या मेलेल्या एसएमपीएसमध्ये या प्रकारचे दरवर्षी असतातच.)

इथे एक बारकावा आहे, आणि तुमच्यासाठी तो सगळ्यात मोलाचा. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्यांतही दोन जाती आहेत. एकाच्या लेबलवर इनपुट ‘१००–२४० व्होल्ट’ असतं, दुसऱ्यावर ‘२००–२४० व्होल्ट’. दुसरी जात आपल्याकडच्या बाजारात भरपूर आहे, शे-पाचशे रुपयांनी स्वस्त पडते, आणि शहरात, जिथे व्होल्टेज २२५-२३५ च्या खाली क्वचितच जातं, तिथे ठीक चालते. तुमच्याकडे नको. १८० व्होल्टला ती आपल्या मर्यादेबाहेर काम करत असते. तुम्ही १००–२४० चाच घ्या. दोन्हींच्या खोक्यावर ‘८० प्लस’ असतं, कधी नावही सारखंच असतं, त्यामुळे लेबलचा फोटो मागवल्याशिवाय ऑर्डर टाकू नका. असा एसएमपीएस असला की पीसीसाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्यायची गरज उरत नाही.

८० प्लसबद्दल थोडक्यात. ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे पदकं ही कार्यक्षमतेची आहेत : भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पीसीला पोहोचते. २३० व्होल्टवर अर्ध्या लोडला ब्रॉन्झने ८८ टक्के द्यायला हवेत, गोल्डने ९२. २५० वॉटला हा फरक साडेबारा वॉटांचा. रोज पाच तास पूर्ण लोड धरला तरी वर्षाला २२-२३ युनिट. दहा रुपये युनिट म्हटलं तरी सव्वादोनशे रुपये. बिल वाचवायला गोल्ड घेण्यात अर्थ नाही. गोल्डमध्ये सहसा आतला मालही बरा असतो, एवढाच त्याचा खरा फायदा. होल्ड-अप किती, आउटपुट किती स्वच्छ, संरक्षणं चालतात का, यातलं काहीही हे पदक तपासत नाही. शिवाय चाचणी होते २३ अंश सेल्सिअसला. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे पत्र्याखालच्या खोलीत काय असतं ते तुम्हाला ठाऊक, आणि चंद्रपूर-नागपूरकडच्यांना तर विचारूच नका. लेबलवर वा मॅन्युअलमध्ये पूर्ण वॉट किती अंशांपर्यंत मिळतील ते लिहिलेलं असतं, ४० किंवा ५०. ५० वाला निवडा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना ढोबळमानाने निम्मं होतं.

पदकाहून उपयोगी कागद हवा असेल तर सायबेनेटिक्स ही सायप्रसमधली चाचणी संस्था बघा. ती मॉडेलवार अहवाल प्रसिद्ध करते आणि त्यात होल्ड-अप टाइम मिलिसेकंदांत दिलेला असतो. तुमच्या यादीतलं मॉडेल तिथे सापडलं तर आधी तोच आकडा शोधा.

कंपनीचं नाव बघून घ्यावं का? नाव हवंच, पण तेवढ्याने भागत नाही. खोक्यावर ज्यांचं नाव असतं त्यांतल्या अनेकांचे स्वतःचे कारखाने नसतात. सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल, एफएसपी, एचईसी यांसारखे तैवान-चीनमधले उत्पादक त्यांना बनवून देतात. एकाच ब्रँडच्या दोन मालिका दोन वेगळ्या कारखान्यांतून आलेल्या असू शकतात, एक उत्तम आणि एक बेताची. २०२१ मधलं गिगाबाइटचं प्रकरण याचा धडा आहे. पी७५०जीएम आणि पी८५०जीएम ही दोन मॉडेलं, नाव मोठं, पदक गोल्डचं. गेमर्स नेक्सस या पीसीचे भाग तपासणाऱ्या यूट्यूब चॅनलने ती जास्त लोडवर तपासली तेव्हा काही थेट फुटली. ऑगस्टमध्ये कंपनीने निवेदन काढून ओव्हर पॉवर प्रोटेक्शनची मर्यादा १२०–१५० टक्क्यांवरून ११०–१२० टक्क्यांवर आणल्याचं सांगितलं आणि ठरावीक सीरियल नंबरांचा माल बदलून द्यायची तयारी दाखवली. म्हणजे ज्या सर्किटने लोड वाढताच बंद करायचं तेच फार उशिरा जागं होत होतं. म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव, तेही वर्षासकट, टाकून परीक्षणं वाचा, आणि संरक्षणांच्या यादीत ओटीपी, म्हणजे तापमानाचं संरक्षण, आहे का ते बघा. स्वस्तात कापलं जातं ते आधी हेच. खोक्यावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा), ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक सुरक्षेचा आहे, तो असावाच, पण त्याने दर्जा कळत नाही.

एटीएक्स ३.० आणि ३.१ हे नवे शब्द तुमच्या कानावर येतील. ३.० ही नियमावली २०२२ ची. मोठ्या कार्डांच्या मिलिसेकंदाहून लहान उसळ्या सोसायची अट आणि १६ पिनचं नवं कनेक्टर हे तिचं मुख्य काम. तुमच्या ४०६० ला बहुतेक कंपन्या साधं ८ पिनचंच कनेक्टर देतात. त्यामुळे त्याच किमतीत मिळालं तर घ्या, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

ते ८ पिनचं कनेक्टर मात्र एसएमपीएसलाच मुळात असलं पाहिजे. कॅबिनेटसोबतच्या एसएमपीएसला ते नसतं. मग दुकानदार दोन मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या कनेक्टरांवरून) ८ पिन करून देणारा कन्व्हर्टर लावून देतो. त्या बारीक तारांवरून कार्डाला वीज द्यायची म्हणजे जळका वास येण्याची वाट बघणं. मोलेक्सवरून साटा (डिस्कला लागणारं चपटं कनेक्टर) करणारे, प्लास्टिक ओतून बंद केलेले कन्व्हर्टरही तसेच. आत तारा एकमेकींना टेकून पेटल्याची उदाहरणं बरीच आहेत. आणि मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या काढता येणारा, एसएमपीएस घेतलात तर त्याच्या केबली त्याच्यापुरत्याच. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. मित्राकडची केबल अगदी घट्ट बसते आणि हार्ड डिस्कला ५ च्या जागी १२ व्होल्ट मिळतात. डेटा गेला.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट : अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला मनगट टेकलं की झिणझिण्या येतात का? टेस्टर लावला तर पेटतो का? याला लोक ‘एसएमपीएस लीक आहे’ म्हणतात आणि नवा आणतात. नव्यालाही तेच होतं. चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. घराला अर्थिंग नसेल तर या दोघांच्या मधोमध लटकलेल्या पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास, येऊन बसतं. करंट अगदी किरकोळ असतो, पण एचडीएमआय किंवा डिशची वायर लावताना ठिणगी पडते आणि टीव्हीचा किंवा कार्डाचा पोर्ट जातो. यात एसएमपीएसचा दोष नाही. गंमत म्हणजे सगळ्यात स्वस्त एसएमपीएसमध्ये हा फिल्टरच बसवलेला नसतो, सर्किट बोर्डवर त्याच्या जागा मोकळ्या असतात, त्यामुळे झिणझिण्या कमी येतात आणि तो ‘चांगला’ ठरतो.

उपाय एकच, खड्डा घेऊन, कोळसा-मीठ किंवा केमिकल घालून नीट अर्थिंग, आणि तीन पिनच्या सॉकेटपर्यंत आलेली तिची वायर. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून मोकळे होतात. झिणझिण्या थांबतात, पण कुठे न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. असं केलंय का हे मल्टीमीटरने फसवं दिसतं, म्हणून सॉकेट उघडायला लावून डोळ्यांनी बघा. आणि वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की पीसीची पिन आणि राउटरची वायर दोन्ही काढा. एसएमपीएसमधला सर्ज रोखणारा भाग जवळ पडलेल्या विजेपुढे टिकत नाही.

यूपीएसचंही गणित बघून घ्या. ६०० व्हीए म्हणजे घरगुती यूपीएसमध्ये सहसा ३६० वॉट. २५० वॉटच्या पीसीला भिंतीतून २८५ लागतील, मॉनिटर ३०, झाले ३१५. कागदावर बसतं, पण बॅटरी वर्षभर जुनी झाली की गेम चालू असताना लाइट गेल्यावर यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारून बंद पडेल. नुसतं अभ्यासाचं काम असताना ६०० वाला पुरेल. गेमिंगसाठी १००० व्हीएच्या घरातला बघा. या यूपीएसचं बॅटरीवरचं आउटपुट गुळगुळीत साइन वेव्ह नसतं, पायऱ्यापायऱ्यांचं असतं. बहुतेक अ‍ॅक्टिव्ह पीएफसी एसएमपीएस ते चालवून घेतात, एखादी जोडी मात्र जमत नाही. म्हणून नवा पीसी आला की पहिल्याच दिवशी, काहीही महत्त्वाचं उघडं नसताना, गेम लावून यूपीएसची पिन दोन-तीनदा काढून बघा. बदलून घ्यायचं असेल तर मुदतीत घेता येतं.

पैशांचं म्हणाल, तर १००–२४० व्होल्टचा, १२ व्होल्टला ४५ अँपिअर देणारा, पाच वर्षं वॉरंटीचा ५५० वॉट ब्रॉन्झ साधारण चार ते पाच हजारांत बसतो. बजेट ताणत असेल तर कॅबिनेट साधं घ्या, रंगीत दिव्यांचे पंखे सोडा. दुकानदाराला ‘एसएमपीएसशिवाय कॅबिनेट किती?’ असं विचारा. पाच-सातशे रुपये कमी करतो, आणि त्या फुकटच्या एसएमपीएसची खरी किंमतही तिथेच कळते. ऑनलाइन घ्या किंवा सांगली-कोल्हापुरात, पण जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीचं केंद्र बहुधा पुण्या-मुंबईला असेल. कुरिअरचा खर्च कोणाचा आणि किती दिवसांत बदलून येतो, हे पैसे देण्याआधी विचारा. खोकं ठेवून द्या, त्याशिवाय कुरिअरवाला एसएमपीएस नीट पोहोचवत नाही.